फोन वाजतो, उचलला की कोणी नाही

पंचवटीत माझी मावशी एकटी राहते. एका श्रावणात तिच्या घरचा फोन पहाटे वाजायला लागला. पुरती रिंगही नाही, अर्धीच. उचलला की नुसता डायल टोन. आठवडाभर तिनं कोणाला सांगितलं नाही. मग रात्री झोपताना ती रिसीव्हर काढून बाजूला ठेवायला लागली. एका रात्री मी तासभर तिचा नंबर लावत होतो आणि दर वेळी एंगेज. शेवटी नाशिकरोडहून रिक्षा करून तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. दार उघडून ती एवढंच म्हणाली, "अरे, तो फोनच नको वाटतो मला आता."

त्या फोनमागे कोणी माणूस निघाला नाही. पूर्वी कधीतरी आतल्या खोलीत दुसरा फोन हवा म्हणून खिडकीच्या चौकटीतून एक पॅरलल वायर नेली होती. फोन गेला, वायर राहिली. तिचा उघडा जोड खिडकीबाहेर पावसात भिजत होता. रोझेट म्हणजे बाहेरची वायर घरात येते ती डबी, तिच्यापासून ही वायर सोडवली आणि त्या पहाटेपासून फोन गप्प झाला. पण तोवर मावशीची आठवड्याची झोप गेली होती.

लँडलाइन आता बहुतेक घरांत आई-वडिलांचा फोन म्हणून उरली आहे. त्यामुळे असे फोन आले की घाबरतात ते तेच, आणि निस्तरायची वेळ येते ती मुला-भाच्यांवर, ज्यांनी आयुष्यात कधी रोझेट उघडलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मुळात एक गोष्ट पक्की धरा. गूढ वाटणारा फोन तीनच ठिकाणांहून येऊ शकतो: घरातल्या वायरीतून, घराबाहेरच्या लाइनमधून, नाहीतर खरोखर एखाद्या माणसाकडून. शोधही याच क्रमानं घ्यायचा. आपण नेमकं उलटं करतो. आधी माणसाचा संशय घेतो, शेजाऱ्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांना आठवतो, आणि वायरीकडे बघतच नाही.

लाइनवर काय चालतं, एवढं समजून घ्या

तांब्याच्या लाइनीत दोन तारा असतात. फोन ठेवलेला असताना त्यांच्यावर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो, करंट मात्र वाहत नाही. तुम्ही रिसीव्हर उचलता तेव्हा इंस्ट्रुमेंटमधून करंट वाहू लागतो आणि एक्स्चेंजला कळतं की फोन उचलला. फोन येतो तेव्हा त्याच दोन तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी सोडला जातो, त्यावर घंटी वाजते.

म्हणजे एक्स्चेंजला तुमचा हात दिसत नाही, फक्त करंट दिसतो. दोन तारांमध्ये ओल शिरली आणि थोडा करंट गळायला लागला की एक्स्चेंजचा समज होतो की कोणीतरी फोन उचलला. रिंग सुरू असताना असं झालं तर रिंग अर्ध्यावर तुटते. समोरच्याला वाटतं फोन उचलला पण कोणी बोलत नाही, आणि तुम्हाला वाटतं फोन वाजला पण पलीकडे कोणी नाही. दोघंही खरं बोलत असतात.

अजून एक जुनी गोष्ट. चकतीच्या फोनमध्ये नंबर लागायचा तो करंट तोडून. १ साठी एकदा तुटायचा, २ साठी दोनदा, ० साठी दहादा. बरीच एक्स्चेंजं ही भाषा अजून ओळखतात. सैल जोड वाऱ्यानं हलला किंवा भिजला की करंट असाच तुटत-जुळत राहतो, आणि फोन स्वतःहून नंबर लावतो. ११२ लागायला तर एकूण चारच वेळा करंट तुटावा लागतो. पोलिसांच्या मदत कक्षाकडून "तुमच्या नंबरवरून फोन आला होता, काय मदत हवी?" असा फोन आला आणि घरात कोणी काही लावलेलंच नसेल, तर आधी वायर बघा. आणि फोन करणाऱ्या पोलिसांना शांतपणे सांगा की इथं सगळं ठीक आहे, लाइनमध्ये बिघाड आहे. घाबरून फोन आपटू नका. आपटलात तर त्यांना खरंच काळजी वाटेल.

सुरुवात वहीपासून

फोनजवळ एक वही आणि दोरीनं बांधलेलं पेन ठेवा. प्रत्येक विचित्र फोनची तारीख, मिनिटासह वेळ, किती रिंग झाल्या, उचलल्यावर काय ऐकू आलं, कॉलर आयडीवर काय दिसलं, हे लिहा. त्यासोबत बाहेरचंही लिहा: पाऊस होता का, दव पडलं होतं का, वीज नुकतीच गेली-आली होती का, घरात कोणी दुसऱ्या खोलीतून फोन लावत होतं का. निदान सात दिवस.

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात. पण मी आजवर जेवढ्या घरांत हे शोधलं, तिथं अर्ध्याहून जास्त उत्तर वहीतच सापडलं. मावशीच्या वहीत सगळ्या नोंदी पहाटे चार ते साडेपाच या वेळेतल्या होत्या, आणि ज्या रात्री पाऊस नव्हता त्या पानावर काहीच नव्हतं. पावसाशी वेळ जुळली की माणसाचा संशय जवळजवळ संपतो. त्रास देणारा माणूस पाऊस बघून फोन करत नाही.

कॉलर आयडीबद्दल एक सूचना. काही लाइनींवर नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या वेळेत येतो. घाई करून पहिल्याच रिंगला उचललात तर नंबर दिसतच नाही, आणि मग "नंबर न दाखवणारा कोणीतरी" असा गैरसमज होतो. दोन रिंग वाजू द्या.

आवाजावरून ओळखा

अर्धी रिंग आणि मग डायल टोन, हे ओलाव्याचं लक्षण. पावसात किंवा थंडीच्या दवात वाढत असेल तर खात्रीच.

नुसतं "टिंग" वाजत असेल, तेही घरातलं कोणी दुसऱ्या फोनवरून नंबर लावत असताना, तर त्या दुसऱ्या इंस्ट्रुमेंटच्या खाली किंवा बाजूला पी आणि टी असं लिहिलेलं छोटं बटण बघा. ते पी वर असेल तर टी वर सरकवा. पी म्हणजे जुनी तुटक पद्धत, तिच्या प्रत्येक झटक्याला पॅरललवरची घंटी किणकिणते. टिंग रोज रात्री ठरावीक वेळी होत असेल तर एक्स्चेंजकडून लाइनची आपोआप तपासणी होत असण्याचा संभव आहे. त्यात काळजीचं काही नाही.

पूर्ण रिंग, उचलल्यावर शांतता आणि दर तीन सेकंदांनी एक बारीक बीप, हे फॅक्स मशीन. कोणीतरी फॅक्स समजून तुमचा नंबर भरून ठेवलाय. मशीन थकत नाही, ते ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा लावत राहतं. कॉलर आयडीवरच्या नंबरला मोबाइलवरून फोन करा आणि तिथल्या माणसाला सांगा की हा घरचा नंबर आहे, काढून टाका. एवढ्यानं थांबतं.

तुम्ही फोन ठेवला आणि लगेच रिंग आली, उचलला तर मघाचाच माणूस "अरे, मी अजून लाइनवरच आहे" म्हणतो? बोलताना चुकून फ्लॅशचं बटण दाबलं गेलं होतं किंवा कॉल वेटिंग लागलं होतं. पहिला कॉल धरून ठेवला होता, म्हणून एक्स्चेंजनं परत रिंग दिली.

फक्त कॉर्डलेस हँडसेट वाजतो, दुसरा फोन वाजत नाही? मग तो फोनच नव्हे. बेसवर हँडसेट शोधण्यासाठी एक बटण असतं, ते दाबलं की हँडसेट ओरडतो. लहान मुलं, आणि फडकं मारणाऱ्या बाई, दोघांकडूनही हे बटण नेहमी दाबलं जातं.

दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येत असेल तर ते आपलं जुनं ओळखीचं क्रॉस कनेक्शन. तारांच्या दोन जोड्या कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. हे दुरुस्त होईपर्यंत फोनवर बँकेचं किंवा घरचं खासगी काही बोलू नका, कारण तुम्हाला ते ऐकू येतात तसे तुम्हीही त्यांना ऐकू येता.

राहिला तो प्रकार: पूर्ण रिंग, उचलल्यावर दोन-तीन सेकंद शांतता, मग कट. याकडे पुढे येतो, कारण त्यात वायरीचा काही दोष नसतो.

घरातली झडती

आता हात चालवायचे. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. बाहेर गडगडत असेल तर काम उद्यावर टाका. वीज कडाडत असताना वायरचा फोन कानालाही लावू नये. ४८ व्होल्टनं काही होत नाही, पण तार हातात असताना नेमका फोन आला तर रिंगचा झटका सणसणीत बसतो.

पहिलं, घरातली सगळी इंस्ट्रुमेंट्स सॉकेटमधून काढा. सगळी म्हणजे सगळी: कॉर्डलेसचा बेस, कॉलर आयडीची वेगळी डबी, जुनं मॉडेम, स्प्लिटर, माळ्यावरचा विसरलेला फोन, चोरीच्या अलार्मला जोडलेली वायर. मग एक साधा, वायरचा, चालू असल्याची खात्री असलेला फोन घ्या आणि तो थेट मुख्य रोझेटला लावा. ही रोझेट म्हणजे छोटी चौकोनी डबी असते.

तिचं झाकण उघडून आत बघा. नाशिकच्या जुन्या वाड्यांत, भद्रकालीकडे किंवा रविवार कारंज्याच्या मागे, मी अशा डब्यांत मुंग्यांची वारुळं पाहिली आहेत. स्क्रूवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर ते गंजलेलं तांबं. कोरड्या ब्रशनं साफ करा, तारेचं टोक सोलून नवीन करा, स्क्रू घट्ट आवळा. एका स्क्रूखाली चार-चार तारा कोंबलेल्या असतील तर बाहेरून आलेली जोडी ओळखा आणि फक्त तीच ठेवा. बाकीच्या, म्हणजे घरात फिरवलेल्या पॅरलल तारा, सोडवून टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी टेपनं बंद करा.

आता फोन कानाला लावा. डायल टोन आला की कोणताही एक आकडा दाबा, २ म्हणा. टोन थांबतो आणि काही सेकंद लाइन शांत असते. त्या शांततेत ऐका. स्वच्छ लाइनवर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. खरखर, कडकड किंवा तळणीतल्या तेलासारखा आवाज आला तर ओल किंवा सैल जोड आहे.

या अवस्थेत दोन-तीन दिवस काढा. वही चालू ठेवा. गूढ फोन थांबले तर दोष घरातच होता. मग एक-एक वस्तू परत जोडायची आणि प्रत्येकीनंतर एक दिवस थांबायचं. सगळं एकदम परत लावलंत तर शोध पुन्हा पहिल्यापासून. कॉर्डलेस लावण्याआधी त्याच्या हँडसेटची बॅटरी बघा. बॅटरी मरायला टेकली की काही कॉर्डलेस फोन लाइन आपोआप उचल-ठेव करतात, आणि तुटक करंटचा तोच खेळ सुरू होतो.

रोझेटवर एकटाच फोन ठेवूनही गूढ फोन थांबले नाहीत, तर शेवटची परीक्षा. रोझेटवरचा तो एकटा फोनही काढा. आता घरात लाइनला काहीच जोडलेलं नाही. मोबाइलवरून ०२५३ लावून घरचा नंबर फिरवा. तुम्हाला मोबाइलवर नेहमीसारखी रिंग ऐकू यायला हवी. एंगेज आला, किंवा एकदा वाजून "उचलला" असं झालं, तर ज्या घरात एकही फोन जोडलेला नाही तिथला फोन उचलला कोणी? बाहेरच्या लाइननं. ही परीक्षा वहीत तारीख-वेळेसह लिहा. तक्रारीत हिच्याइतकं वजनदार वाक्य दुसरं नसतं.

घरात फायबर असेल तर

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा भागांत बऱ्याच घरांत आता तांब्याची लाइन उरली नाही. काचेचा धागा येतो, तो एका डबीत शिरतो, आणि फोन त्या डबीच्या टेलिफोन पोर्टला लागतो. पावसाची ओल काचेतून रिंग तोडू शकत नाही. तरी अर्धी रिंग येत असेल तर दोष त्या डबीपासून फोनपर्यंतच्या वायरीत आहे.

बसवणारा माणूस बहुतेकदा सोय म्हणून डबीचा पोर्ट घरातल्या जुन्या वायरिंगलाच जोडतो, म्हणजे सगळ्या खोल्यांत फोन चालतो. त्यात धोका असा की त्या वायरिंगचं एक टोक अजून खांबावरच्या जुन्या तांब्याशी जोडलेलं असतं. बाहेरची ती जोडी रोझेटमधून सोडवलीच पाहिजे. शंका असेल तर एक फोन थेट डबीला लावून दोन दिवस बघा.

फायबरवर किंवा इंटरनेटच्या फोनयंत्रावर एक वेगळाच प्रकार होऊ शकतो, आणि आपल्याकडे तो फार घाबरवतो. रात्री दोन-तीनला पूर्ण रिंग येते, कॉलर आयडीवर १०० दिसतं, उचलल्यावर शांतता. आपल्याला १०० म्हटलं की पोलीस आठवतात. हा पोलिसांचा फोन नसतो. इंटरनेटवर काही प्रोग्राम दिवसरात्र फोनयंत्रं शोधत हिंडत असतात. उघडं यंत्र सापडलं की त्याला एक खोटा कॉल पाठवतात आणि नाव-नंबराच्या जागी १००, १०१, १००१ असं काहीही भरतात. हा कॉल टेलिफोन कंपनीतून येतच नाही, म्हणून त्यांच्या नोंदीतही सापडत नाही. स्वतः विकत घेतलेल्या यंत्रावर हे जास्त होतं. सेवा देणाऱ्याला सांगा की यंत्र फक्त तुमच्याच सर्व्हरकडून आलेले कॉल घेईल असं करून द्या. ते पाच मिनिटांचं काम आहे.

बाहेरची लाइन आणि तक्रार

घरातून बाहेर पडलेली वायर खांबावरच्या किंवा इमारतीच्या भिंतीवरच्या डीपीत, म्हणजे तारा जोडायच्या पेटीत जाते, तिथून जमिनीखालच्या केबलनं रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या मोठ्या पेटीत, आणि तिथून एक्स्चेंजला. नाशिकमध्ये या वाटेला दोन शत्रू आहेत. एक पाणी. गोदेचा पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत चढला की सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या बाजूला पाणी शिरतं, २०१६ च्या ऑगस्टमध्ये शिरलं होतं तसं. पाणी ओसरतं, पण केबलच्या जोडांत गेलेली ओल महिनोन्‌महिने राहते. दुसरा शत्रू खोदकाम. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालतात, त्यात केबल तुटते, घाईत परत जोडली जाते, आणि जोड्यांची अदलाबदल होते.

अदलाबदल ओळखायची युक्ती सोपी आहे. मोबाइलवरून स्वतःच्या घरचा नंबर लावा: तुमचाच फोन वाजतोय ना? मग घरच्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलला लावा: मोबाइलवर तुमचाच नंबर दिसतोय ना? वेगळा दिसला तर तुमच्या घरात दुसऱ्याची लाइन आलीये आणि तुम्हाला येणारे "चुकीचे" फोन त्याचे बरोबर फोन आहेत. ही परीक्षा करताना एक लक्षात ठेवा: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. अनेक घरांत "फोनवरून मोबाइल लागतच नाही" ही तक्रार केवळ या शून्यामुळे असते.

तक्रार नोंदवताना "विचित्र फोन येतात" असं सांगू नका. तक्रार घेणाऱ्याच्या पडद्यावर असा पर्यायच नसतो आणि तो "फोन चालू आहे" म्हणून बंद करतो. असं सांगा: "फोन चालू आहे, पण रिंग मधेच तुटते. सगळी इंस्ट्रुमेंट्स काढल्यावरही बाहेरून लावलं की एंगेज येतो. लाइनचं इन्सुलेशन तपासा." तक्रार क्रमांक मागून वहीत लिहा.

लाइनमनदादा आले की त्यांना वही दाखवा. आधी चहा द्या, मग वही. थोडे लाइनमन इतक्या भागांचं काम ओढतात, त्यात कोणीतरी नीट टिपणं काढून ठेवलेली दिसली की त्यांनाही बरं वाटतं. डीपीपासूनची वायर जुनी, तडकलेली असेल तर ती बदलून मागा. केबलमधली जोडीच खराब असेल तर "दादा, पेअर बदलता येईल का?" एवढं विचारा. पिलरमध्ये चांगली जोडी मोकळी असेल तर तेवढ्यानं प्रश्न सुटतो.

बिलावर न केलेले कॉल दिसत असतील तर तेही याच वेळी सांगा आणि तपशीलवार बिल मागा. उघड्या डीपीवर दुसरा फोन चिकटवून कोणी तुमच्या लाइनवरून बोलू शकतं. डीपीचं झाकण आहे का, ते स्वतः जाऊन बघा. परदेशी कॉलची सोय लागत नसेल तर बंद करून घ्या.

आता माणसं

वायरी निर्दोष ठरल्या, तरच इथं या.

सगळ्यात साधं कारण म्हणजे राँग नंबर, आणि नाशिकच्या नंबरांना ते जरा जास्त येतात असं मला वाटतं. वसई ०२५०, कल्याण ०२५१, नाशिक ०२५३, जळगाव ०२५७. पुढचा नंबर सगळीकडे सात आकडी. एक आकडा चुकला की कल्याणच्या दवाखान्याचा फोन तुमच्या सिडकोच्या घरात. रोज वेगळा माणूस त्याच डॉक्टरांना विचारत असेल तर हेच झालंय, किंवा तुमचा नंबर पूर्वी त्या दवाखान्याचा होता. अशा वेळी स्वतःचा नंबर सांगू नका, उलट विचारा: "तुम्ही कोणता नंबर लावलात? कुठून मिळाला?" जुनं पत्रक, इंटरनेटवरची नोंद, औषधाच्या चिठ्ठीवरचा शिक्का, काहीतरी कळतं. मग त्या दवाखान्याला एक फोन करून नोंद दुरुस्त करायला सांगा. फोन करणारा आजारी माणसासाठी धडपडत असतो, त्याच्यावर चिडू नका.

आता ते मघाचं: पूर्ण रिंग, दोन-तीन सेकंद शांतता, कट. हे विक्री करणाऱ्या कॉल सेंटरचं यंत्र. काही जण उचलणारच नाहीत असं गृहीत धरून ते एकदम अनेक नंबर लावतं. अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी उचलला तर बोलायला माणूस शिल्लक नसतो, आणि तुमच्या वाट्याला शांतता येते. कोणी टेहळणी करत नसतं. हे फोन जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी जास्त, रविवारी कमी, हे वहीत लगेच दिसतं. त्याच लँडलाइनवरून १९०९ ला फोन करून नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असणाऱ्यांच्या यादीत नोंदवा. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. तसा दिसला तर न उचलता सोडून द्या. नोंदणीनंतरही साध्या नंबरांवरून विक्रीचे फोन येत राहिले तर १९०९ वरच तारीख, वेळ आणि नंबर देऊन तक्रार करा, तीही लगेच, आठवडा उलटू देऊ नका.

यापुढचा प्रकार खरोखर धोक्याचा आहे. उचलल्यावर रेकॉर्ड केलेला आवाज येतो: तुमचा फोन दोन तासांत बंद होणार, माहितीसाठी ९ दाबा. ९ दाबलं की "दूरसंचार विभाग", मग "पोलीस", मग "तुमच्या नावानं गुन्हा आहे, कोणाला सांगू नका, लाइनवरच राहा." दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक ट्राय असे फोन करत नाहीत, आणि डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. ९ दाबू नका, ठेवून द्या.

आणि इथे लँडलाइनचा एक खास सापळा आहे, तो घरातल्या मोठ्यांना आवर्जून समजावून सांगा. लँडलाइनवर तुम्ही फोन ठेवला तरी समोरच्यानं ठेवला नाही तर कॉल काही वेळ तसाच जोडलेला राहू शकतो. भामटा म्हणतो, "विश्वास नाही? फोन ठेवा आणि बँकेला लावून विचारा." तुम्ही ठेवता, उचलता, नंबर फिरवता, आणि पलीकडे "बँक" म्हणून त्याचाच साथीदार बोलतो. म्हणून खात्री करायची असेल तर नेहमी दुसऱ्या फोनवरून करा, मोबाइलवरून किंवा शेजारच्या काकूंच्या फोनवरून. दुसरा फोन नसेल तर आधी एखाद्या ओळखीच्या माणसाला लावा. आवाज ओळखीचा आला म्हणजे लाइन मोकळी आहे.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, फोन करा. सकाळी बघू म्हणू नका. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत अडवायची शक्यता जास्त.

शेवटी तो एक प्रकार, जो कमी घडतो पण सगळ्यात जिव्हारी लागतो: कोणी जाणूनबुजून गप्प राहतं, श्वास ऐकवतं, घाणेरडं बोलतं, धमकावतं. बोलू नका, ओरडू नका, नाव विचारू नका, रिसीव्हर शांतपणे खाली ठेवा आणि वहीत लिहा. त्याला तुमची प्रतिक्रिया हवी असते. फोन कोणाकडून आला याची नोंद कंपनीकडे किमान २ वर्षं असते, मात्र ती तुम्हाला मिळत नाही, पोलिसांनी मागितल्यावर मिळते. म्हणून कंपनीशी वाद घालण्यात दिवस घालवू नका, वही घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तारीख-वेळ असलेली वही असेल तर त्यांना नोंद मागवणं सोपं जातं. नाव लपवून धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, आणि बाईचा असा पिच्छा पुरवणं कलम ७८ खाली. तक्रार द्यायला एकटं जाऊ नका, आणि घरातल्या बाईला "दुर्लक्ष कर" असं सांगून तर मुळीच थांबवू नका.

फोनजवळची चिठ्ठी

मावशीच्या फोनमागच्या भिंतीवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. तुमच्या घरासाठी ती अशीच उतरवून घ्या, खालचा मोबाइल नंबर मात्र तुमचा:

दोन रिंग वाजू दे, मग उचल.
कोणी बोललं नाही तर तीन मोज आणि ठेव. वहीत लिही.
९ दाबायचं नाही. ओटीपी सांगायचा नाही.
पोलीस, बँक, कुरिअर, कोणीही असो: "माझ्या भाच्याशी बोला" म्हण आणि ठेव.
पैसे गेले: १९३०. घरात धोका: ११२. ज्येष्ठांसाठी मदत: १४५६७.
मला लाव, रात्री कितीही वाजता. आधी ० लावायचा.